‘शरद’ चालतो, ‘सुनीता’ अडते: पायथनमध्ये मराठी कॅरॅक्टर तपासण्याची पद्धत

नावाच्या रकान्यात फक्त अक्षरं यावीत म्हणून बहुतेक जण पायथनचं इझअल्फा हे फंक्शन लावतात. साध्या एकशब्दी इंग्रजी नावांवर ते बिनचूक चालतं. मराठी नावं दिली की वेगळंच चित्र दिसतं. ‘शरद’, ‘कमल’, ‘भरत’, ‘मदन’ पास होतात. ‘सुनीता’, ‘प्रकाश’, ‘मीना’, ‘विठ्ठल’ नापास होतात. तपासणी करणाऱ्याने नमुन्यादाखल ‘कमल’ टाकून पाहिलं असेल तर त्याला सगळं ठीक वाटतं, आणि ही चूक थेट लोकांसमोर जाते. मग आपलंच नाव नीट लिहूनही ‘कृपया फक्त अक्षरं वापरा’ अशी लाल ओळ वाचायची वेळ माणसावर येते. मराठीत सेवा देणाऱ्या संकेतस्थळावर असं होता कामा नये, आणि ते टाळायला फार काही लागतही नाही.

कुठलं कॅरॅक्टर अक्षर, कुठलं अंक, कुठलं विरामचिन्ह आणि कुठलं नुसती मोकळी जागा, हे ठरवायची पायथनच्या प्रमाण लायब्ररीतली साधनं एकेक करून पाहू आणि मराठी मजकुरासाठी ती कशी वापरायची ते बघू. फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष पायथन कोडमध्ये ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि मधे जागा न सोडता लिहायची. वर्णन पायथन ३ चं आहे.

पहिली पायरी: आत काय साठवलंय ते उघडून पाहा

‘मराठी’ या शब्दाची लांबी लेन फंक्शनने विचारली तर उत्तर ५ येतं. स्ट्रिंगमध्ये, म्हणजे साठवलेल्या मजकुरात, म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच कॅरॅक्टर एकापुढे एक ठेवलेली असतात. काना आणि वेलांटी हे ‘रा’ किंवा ‘ठी’चे भाग म्हणून साठवलेले नसतात, त्यांना युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या मानकात स्वतःचा क्रमांक असतो. क चा क्रमांक ०९१५, कान्याचा ०९३ई, पाय मोडण्याच्या चिन्हाचा ०९४डी. हे क्रमांक सोळाच्या पायात लिहिलेले आहेत.

प्रत्येक क्रमांकाला युनिकोडने एक वर्ग दिलेला आहे. असे एकूण ३० वर्ग आहेत आणि प्रत्येकाचं नाव दोन रोमन अक्षरांचं आहे. पहिलं अक्षर मुख्य गट सांगतं: एल म्हणजे अक्षर, एम म्हणजे अक्षराला जोडून येणारं चिन्ह, एन अंक, पी विरामचिन्ह, एस इतर चिन्हं, झेड मोकळी जागा आणि सी म्हणजे नियंत्रणाची, बहुधा न दिसणारी कॅरॅक्टर. युनिकोडडेटा हे मॉड्यूल इम्पोर्ट करा आणि त्यातल्या कॅटेगरी फंक्शनला एक कॅरॅक्टर द्या, वर्ग मिळतो. त्याच मॉड्यूलचं नेम फंक्शन कॅरॅक्टरचं अधिकृत इंग्रजी नाव देतं. नियंत्रण-कॅरॅक्टरना नाव नसतं आणि तिथे हे फंक्शन एरर फेकतं, म्हणून दुसरा आर्ग्युमेंट म्हणून एखादा पर्यायी मजकूर नेहमी द्यावा.

‘सुनीता’ या शब्दावर हे चालवून पाहा. स, न आणि त यांचा वर्ग एलओ येईल. एलओ म्हणजे लहान-मोठी रूपं नसलेलं अक्षर. ऱ्हस्व उकाराचा वर्ग एमएन येईल, दीर्घ वेलांटी आणि काना यांचा एमसी. आपल्या चिन्हांची विभागणी अशी आहे: काना, दोन्ही वेलांट्या, ो, ौ, ॉ आणि विसर्ग एमसी या वर्गात, दोन्ही उकार, ऋकार, एक मात्रा, दोन मात्रा, अर्धचंद्र, अनुस्वार, चंद्रबिंदू, नुक्ता आणि पायमोड एमएन या वर्गात. ओळीत स्वतःची रुंदी घेणारी चिन्हं एमसी, अक्षराच्या वर किंवा खाली बसणारी एमएन. ही विभागणी लक्षात ठेवा, पुढे एके ठिकाणी ती फार महत्त्वाची ठरते.

आता इझअल्फा का अडतं ते उघड आहे. स्ट्रिंगमधलं प्रत्येक कॅरॅक्टर एल गटातल्या पाच वर्गांपैकी असेल, आणि किमान एक कॅरॅक्टर असेल, तरच ते ‘हो’ म्हणतं. एम गट त्याच्या हिशेबात नाहीच. ‘शरद’मध्ये एकही स्वरचिन्ह नाही म्हणून तो सुटतो. युनिकोडमध्ये ‘अल्फाबेटिक’ नावाचा एक वेगळा गुणधर्म आहे आणि त्यात आपली बरीचशी स्वरचिन्हं धरलेली आहेत, पण इझअल्फा तो गुणधर्म वापरत नाही, हे पायथनच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे फंक्शन ठरल्याप्रमाणेच वागतं. एकेका कॅरॅक्टरसाठी असलेला प्रश्न अख्ख्या नावाला विचारला जातो, तिथे गफलत होते. इझअल्नम हे अक्षर-किंवा-अंक तपासणारं भावंड याच कारणाने मराठीसाठी निरुपयोगी आहे.

इझअप्पर आणि इझलोअर यांच्यावर वेळ घालवायला नको. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही, त्यामुळे दोन्ही फंक्शनं ‘नाही’ म्हणतात. फक्त पासवर्डात ‘किमान एक मोठं अक्षर हवं’ असा नियम असेल तर निव्वळ देवनागरीत टाइप करणाऱ्याला तो कधीच पाळता येणार नाही, एवढं ध्यानात ठेवा.

दुसरी पायरी: नाव तपासणारं स्वतःचं फंक्शन

लायब्ररीत तयार उत्तर नाही, पण कॅटेगरी हाताशी आहे. नावासाठी मी हे नियम धरतो:

१. मजकूर आधी युनिकोडडेटाच्या नॉर्मलाइझ फंक्शनमधून एनएफसी रूपात (सुटे भाग जमेल तिथे एका कॅरॅक्टरमध्ये जोडणारं प्रमाण रूप) आणा आणि स्ट्रिप करा, म्हणजे पुढची-मागची मोकळी जागा काढा. रिकामा उरला तर नाकारा.
२. पहिलं कॅरॅक्टर एल गटातलंच हवं.
३. पुढचं प्रत्येक कॅरॅक्टर एल गटातलं असेल तर चालेल.
४. एम गटातलं असेल तर त्याच्या आधीचं कॅरॅक्टर एल किंवा एम गटातलं हवं.
५. साधी जागा, टिंब, संयोगचिन्ह आणि अपॉस्ट्रॉफी एवढी चिन्हं चालतील.
६. शून्य-रुंदीचे दोन जोडक (अक्षरं कशी जोडायची ते सांगणारी न दिसणारी कॅरॅक्टर), क्रमांक २००सी आणि २००डी, फक्त पायमोडाच्या लगेच पुढे आले तर चालतील.
७. बाकी काहीही आलं तर नाकारा.

चौथा नियम घातला नाही तर जागेनंतर एकटीच वेलांटी टाकलेलं नावही पास होतं. असा मजकूर पडद्यावर ठिपक्यांच्या वर्तुळासह दिसतो. पाचवा नियम अनेकांना सैल वाटेल, पण ‘डॉ.’ किंवा ‘अ. ब.’ अशी आद्याक्षरं, ‘देशपांडे-कुलकर्णी’ अशी जोड-आडनावं आणि गोव्यातलं ‘डि’सोझा’ ही सगळी माणसांची खरी नावं आहेत. अपॉस्ट्रॉफी दोन प्रकारची येते, कळफलकावरची सरळ आणि फोन आपोआप बदलून देतो ती वळलेली. दोन्ही स्वीकारा आणि साठवताना एकच करा.

हा नियमसंच लिपीवर अवलंबून नाही, हा त्याचा मोठा फायदा. तमिळ, कन्नड, बंगाली नावंही यातून सुखरूप जातात. फक्त देवनागरीच हवी असेल तर वाट थोडी वाकडी आहे, कारण कॅरॅक्टर कुठल्या लिपीचं आहे हे सरळ सांगणारं फंक्शन युनिकोडडेटामध्ये पायथन ३.१३ पर्यंत तरी नाही. क्रमांक ०९०० ते ०९७एफ या पट्ट्यात आहे का एवढं तपासणं मराठीसाठी पुरेसं आहे. त्या पट्ट्यात दंड, दुहेरी दंड आणि देवनागरी अंकही येतात, पण वरचे एल आणि एम गटाचे नियम कायम ठेवले तर ते आपोआप बाहेर पडतात.

इझआयडेंटिफायर नावाचं आणखी एक फंक्शन आहे. दिलेली स्ट्रिंग पायथनमध्ये व्हेरिएबलचं नाव म्हणून चालेल का, हे ते सांगतं. ‘सुनीता’ला ते ‘हो’ म्हणतं, कारण व्हेरिएबलच्या नावात स्वरचिन्हांना मुभा आहे. म्हणून काही जण आडमार्गाने तेच वापरतात. तसं करू नका. ते अधोरेखा आणि पहिल्या जागेनंतरचे अंक स्वीकारतं, आणि नाव-आडनावातली साधी जागा मात्र नाकारतं.

तिसरी पायरी: अंकांसाठी तीन फंक्शनं, कामाचं एक

इझडेसिमल, इझडिजिट आणि इझन्यूमरिक ही तिन्ही सारखी वाटतात, पण प्रत्येक पुढचं आधीच्यापेक्षा सैल आहे. इझडेसिमल फक्त दशमान स्थानमूल्याचे अंक स्वीकारतं, म्हणजे एनडी वर्ग. ‘१२३’ त्यात बसतं. इझडिजिट त्याशिवाय ² असा वर चढवलेला अंकही घेतं. इझन्यूमरिक तर ½, रोमन संख्यांची एक-कॅरॅक्टरी रूपं आणि चिनी संख्याचिन्हंही घेतं.

संख्येत रूपांतर करायचं असेल तर इझडेसिमलच वापरा. इंट फंक्शन ‘१२३’ हा मजकूर थेट १२३ या संख्येत बदलतं, त्यासाठी अंक बदलणारा वेगळा तक्ता लिहायची गरज नाही. फ्लोट आणि डेसिमल (दशांश संख्यांचे दोन प्रकार, दुसऱ्याचं पहिलं अक्षर कोडमध्ये मोठं) यांनाही देवनागरी अंक समजतात. मात्र ² ला इझडिजिट ‘हो’ म्हणतं आणि इंट त्याच क्षणी एरर फेकतं. तपासणी इझडिजिटने करून पुढे इंट लावलेला कोड मला वारंवार दिसतो, आणि तो एक ना एक दिवस कोसळणारच.

तरी दोन-तीन गोष्टी सांभाळायला हव्यात. इझडेसिमल वजाचं चिन्ह, दशांश टिंब आणि लाखा-हजारांचे स्वल्पविराम नाकारतं. ‘१,००,०००’ हा मजकूर इंटही स्वीकारत नाही, स्वल्पविराम आधी काढावे लागतात. उलट इंट पुढची-मागची मोकळी जागा आणि अंकांमधली अधोरेखा मुकाट्याने चालवून घेतं. म्हणून ‘इंट चाललं म्हणजे इनपुट शुद्ध’ असं समजू नये.

मोबाइल क्रमांक, पिन कोड, खाते क्रमांक या संख्या नव्हेत, त्या अंकांच्या ओळी आहेत. त्यांना इंट लावलं तर सुरुवातीची शून्यं गळतात. एकेक अंक घ्या, त्याचं मूल्य युनिकोडडेटाच्या डेसिमल फंक्शनने काढा आणि ती मूल्यं मजकूर म्हणून पुन्हा जोडा. डेटाबेसमध्ये नेहमी एकाच लिपीतले अंक जातील असं करा. नाहीतर एकच ग्राहक एकदा देवनागरी आणि एकदा इंग्रजी अंकांत नोंदला जातो आणि शोधात सापडत नाही.

आणि जिथे पैशांचा व्यवहार आहे तिथे सरसकट एनडी वर्गालाही दार उघडू नका. बंगाली चारचा आकार इंग्रजी आठसारखा दिसतो आणि बंगाली सात इंग्रजी नऊची आठवण करून देतो. इंट दोन्ही आनंदाने वाचतं, एकाच संख्येत मिसळले तरी. वाचणाऱ्याला आठ दिसतं आणि हिशेबात चार जातं. त्यामुळे रकमेच्या रकान्यात इंग्रजी अंक आणि ० ते ९ हे देवनागरी अंक, एवढ्याच दोन ओळी चालवा. ते दहा अंक क्रमांकाने सलग आहेत, त्यामुळे ‘०’ पेक्षा लहान नाही आणि ‘९’ पेक्षा मोठं नाही अशी साधी तुलना पुरते.

चौथी पायरी: शब्द सुटे करणं

नावाच्या रकान्याचा दोष लगेच दिसतो तरी. इथला दोष महिनोन्महिने लपून राहतो, म्हणून मला तो जास्त घातक वाटतो.

पायथनच्या आरई या रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरात नमुने शोधण्याच्या) मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यू म्हणजे ‘शब्दातलं कॅरॅक्टर’. त्याची व्याख्या इझअल्नम अधिक अधोरेखा अशी आहे. म्हणजे स्वरचिन्हं आणि पायमोड इथेही शब्दाच्या बाहेर. फाइंडऑलने ‘मराठी’तले शब्द मागितले तर ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे मिळतात. ‘पुण्यातल्या’ दिलं तर प, ण, य, तल, य असे पाच. शब्दांची वारंवारता मोजणारा, लेखातले शब्द मोजणारा किंवा शोध-सूची बांधणारा प्रोग्राम यावर उभा असेल तर त्याचा प्रत्येक आकडा खोटा असतो, आणि एररची एक ओळही कुठे येत नाही.

शब्दाची सीमा सांगणारं बॅकस्लॅश-बी याच व्याख्येवर चालतं, म्हणून ते दोन्ही बाजूंनी फसतं. ‘घर’ हा पूर्ण शब्द शोधायला गेलात तर तो ‘घराला’मध्येही सापडतो, कारण र नंतरचा काना त्याच्या मते शब्द संपवतो. आणि ‘मराठी शाळा’ या मजकुरात ‘मराठी’ हा पूर्ण शब्द शोधला तर तो सापडतच नाही. शेवटची वेलांटी शब्दात नाही, पुढची जागाही शब्दात नाही, मग दोघांमध्ये सीमा कुठून येणार?

उपाय दोन आहेत. प्रमाण लायब्ररीतच राहायचं असेल तर बॅकस्लॅश-डब्ल्यू सोडा आणि स्वतःचा कॅरॅक्टर-संच चौकोनी कंसात लिहा: ०९०० ते ०९६३, ०९६६ ते ०९६एफ, ०९७१ ते ०९७एफ, शिवाय २००सी आणि २००डी हे जोडक. यात दंड, दुहेरी दंड आणि संक्षेपाचं वर्तुळ जाणूनबुजून वगळलं आहे. इंग्रजी शब्दही हवे असतील तर त्यांच्यासाठी पर्यायी भाग जोडा. सीमेसाठी बॅकस्लॅश-बी ऐवजी निगेटिव्ह लुकबिहाइंड आणि लुकअहेड वापरा: शब्दाच्या मागे या संचातलं काही नको आणि पुढेही नको. हे लिहायला लांबलचक आहे, पण बरोबर उत्तर देतं.

दुसरा उपाय म्हणजे पिप या पायथनच्या इन्स्टॉल करण्याच्या साधनाने मिळणारं रेजेक्स हे बाहेरचं मॉड्यूल. त्यात बॅकस्लॅश-पी आणि महिरपी कंसात गटाचं नाव लिहून थेट एल, एम, एन गट मागता येतात. या तीन गटांचा संच एकदा किंवा अधिक वेळा, एवढा नमुना जवळजवळ सगळ्या भारतीय भाषांचे शब्द नीट उचलतो. त्यात लिपीचं नावही देता येतं. मराठी मजकुरावर गंभीर काम करायचं असेल तर हे मॉड्यूल घ्याच, असा माझा आग्रह आहे.

अंकांचं बॅकस्लॅश-डी मात्र आरईमध्येही ठीक आहे, ते देवनागरी अंक ओळखतं. फक्त इंग्रजी अंक हवे असतील तर आस्की फ्लॅग लावा.

पाचवी पायरी: न दिसणारी कॅरॅक्टर

इझस्पेस आणि स्ट्रिप ही फंक्शनं साधी जागा, टॅब आणि नवी ओळ यांच्याबरोबर न तुटणारी जागाही ओळखतात. वेबपानांवरून चिकटवलेल्या मजकुरात ही शेवटची नेहमी असते. पण शून्य-रुंदीची जागा २००बी, फाइलच्या तोंडाशी येणारं एफईएफएफ आणि दोन्ही जोडक यांचा वर्ग सीएफ आहे. ती इझस्पेसच्या लेखी मोकळी जागा नाहीत, आणि स्ट्रिप त्यांना हात लावत नाही. दोन शब्द डोळ्यांना सारखे दिसतात आणि तुलना मात्र ‘नाही’ म्हणते, तेव्हा पहिला संशय यांच्यावर घ्या. रेपर फंक्शनने मजकूर छापला की ही कॅरॅक्टर क्रमांकासकट उघडी पडतात, आस्की फंक्शनने तर देवनागरीचं प्रत्येक कॅरॅक्टर क्रमांकात दिसतं.

सगळा सीएफ वर्ग पुसून टाका, असा सल्ला सर्रास दिला जातो. मराठीत तो अर्थाचा अनर्थ करतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यात गुरू आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. दुसऱ्या शब्दातला ऱ्य संगणकात दोन रीतींनी लिहिला जातो आणि युनिकोड मानकात दोन्ही नोंदलेल्या आहेत. एक म्हणजे ०९३१ क्रमांकाचा ऱ, मग पायमोड, मग य. दुसरी म्हणजे साधा र, पायमोड, २००डी हा जोडक आणि मग य. दुसऱ्या रीतीतला जोडक पुसला की उरतं र्य, आणि स्वयंपाक्यांच्या जागी आचार्य येतात. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’चंही तेच.

म्हणून क्रम असा ठेवा. २००बी आणि एफईएफएफ बिनधास्त काढा. र, पायमोड, २००डी ही तिकडी दिसेल तिथे ती ऱ आणि पायमोड या जोडीने बदला. उरलेल्या जोडकांपैकी पायमोडाच्या पुढे नसलेले काढा. एनएफसी रूपांतर ही अदलाबदल आपोआप करत नाही, ती स्वतः लिहावी लागते. इझप्रिंटेबल या फंक्शनने मजकूर ‘स्वच्छ’ आहे का हे तपासत असाल तर तेही थांबवा, कारण जोडक असलेल्या शुद्ध मराठी शब्दाला ते ‘नाही’ म्हणतं.

सहावी पायरी: आघात काढणारी ती प्रसिद्ध कृती

फ्रेंच किंवा स्पॅनिश शब्दांवरच्या आघातखुणा काढण्यासाठी एक छोटी कृती सगळीकडे फिरते: मजकूर एनएफडी रूपात (जोडलेल्या कॅरॅक्टरचे सुटे भाग करणारं रूप) आणा आणि एमएन वर्गाची सगळी कॅरॅक्टर गाळा. वेबपत्त्यासाठी शीर्षकाचं छोटं रूप बनवणाऱ्या कोडमध्ये ती हमखास सापडते. वर सांगितलेली एमएन आणि एमसीची विभागणी आता आठवा. या कृतीतून ‘पुणे’चं ‘पण’ होतं आणि ‘मुंबई’चं ‘मबई’. काना आणि वेलांट्या वाचतात, उकार, मात्रा, अनुस्वार आणि पायमोड नाहीसे होतात. एनएफडीमध्ये ऱ चे र आणि नुक्ता असे दोन भाग होतात आणि नुक्ता एमएन असल्याने ऱ चाही र होतो.

याच कृतीची दुसरी आवृत्ती वर्गाऐवजी युनिकोडडेटाच्या कम्बाइनिंग फंक्शनने दिलेलं मूल्य शून्याहून मोठं आहे का ते पाहते. तिच्यात स्वरचिन्हं वाचतात, कारण त्यांचं मूल्य शून्य आहे, पण पायमोडाचं ९ आणि नुक्त्याचं ७ असल्यामुळे ते जातात. ‘पुण्यात’चं ‘पुणयात’ होतं. दोन्ही आवृत्त्या देवनागरीवर चालवू नयेत. आधारभूत अक्षर लॅटिन लिपीचं असेल तरच खूण गाळायची, अशी अट घाला.

रूपांतरांबद्दल आणखी एक. एनएफसीमध्ये र आणि नुक्ता यांचा ऱ होतो, ते आपल्याला हवंच आहे. पण ‘ॲप’ दोन प्रकारे लिहिलं जातं: ०९७२ क्रमांकाचं ॲ, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं, किंवा अ आणि त्यावर अर्धचंद्र. दिसायला दोन्ही सारखी, पण कुठलंही प्रमाण रूपांतर त्यांना एक करत नाही. शोध किंवा तुलना करायची असेल तर दुसऱ्याचं पहिल्यात रूपांतर करणारी एक ओळ स्वतः घाला.

सातवी पायरी: विरामचिन्हं

स्ट्रिंग मॉड्यूलमधल्या पंक्चुएशन या यादीत फक्त इंग्रजी कळफलकावरची ३२ चिन्हं आहेत. दंड, वळलेली अवतरणचिन्हं आणि लांब डॅश तिच्यात नाहीत. कॅटेगरीचं पहिलं अक्षर पी आहे का ते पाहा, हा सरळ मार्ग. अधिक, बरोबर, रुपयाचं चिन्ह वगैरे एस गटात येतात, ती हवी तशी ठेवा किंवा काढा.

मराठी टंकलेखनातला खरा त्रास विसर्गाचा आहे. ‘दुःख’मधला विसर्ग एमसी वर्गाचा आहे, पण खूप जण तिथे इंग्रजी कोलन टाइप करतात आणि तो पीओ वर्गाचा असतो. विरामचिन्हं काढली की नुसतं ‘दुख’ उरतं. कोलनच्या दोन्ही बाजूंना जागा न सोडता देवनागरी अक्षर किंवा चिन्ह असेल तर तो विसर्ग समजून बदलायला हरकत नाही. शब्दाच्या शेवटी असेल तर नियमाने ठरवता येत नाही: ‘स्वत:’मध्ये तो विसर्ग आहे आणि ‘पत्ता:’मध्ये खरोखर कोलन. तिथे ‘स्वतः’, ‘अंतः’, ‘विशेषतः’, ‘सामान्यतः’ अशा शब्दांची छोटी यादी ठेवावी आणि बाकीच्यांना हात लावू नये.

आठवी पायरी: डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजणं

‘महाराष्ट्र’ची लांबी लेनच्या मते १० आहे, यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत ३० बाइट आणि वाचणाऱ्याला दिसतात म, हा, रा, ष्ट्र अशी चार अक्षरं. ‘नाव २० अक्षरांपेक्षा मोठं नको’ असा नियम लेनवर बेतला तर मराठी माणसाला बरेचदा त्याहून खूपच कमी जागा मिळते. मोजण्याची रीत अशी: डावीकडून एकेक कॅरॅक्टर घ्या. एम गटातलं किंवा जोडक असेल तर नवं अक्षर मोजू नका. एल गटातलं असेल आणि लगेच आधी पायमोड, किंवा पायमोड आणि २००डी, असेल तर तेही जोडाक्षराचाच भाग आहे. २००सी मधे असेल तर मात्र नवं अक्षर सुरू होतं, कारण तो जोडाक्षर होऊ न देण्यासाठीच घालतात. बाकी सगळ्या वेळी एकाने वाढवा.

जोडाक्षर एकसंध ठेवणारा असा नियम युनिकोडच्या अक्षरगट ठरवण्याच्या मानकात १५.१ या २०२३ च्या आवृत्तीत आला. त्याआधीच्या माहितीवर चालणाऱ्या लायब्ररी ‘ष्ट्र’चे तीन तुकडे करतात. तुमच्या पायथनमधली माहिती कुठल्या आवृत्तीची आहे ते युनिकोडडेटाच्या युनिडेटा-व्हर्जन या नावाखाली दिसतं. नाव रोमनमध्ये लिहिताना दोन शब्दांमध्ये अधोरेखा येते. पायथन ३.१२ मध्ये ती १५.० आहे, ३.१३ मध्ये १५.१.

इतर भाषांत काय

जावाचं इझलेटर आणि गोचं इझलेटर इझअल्फासारखंच वागतं, स्वरचिन्हांना अक्षर मानत नाही. जावाचं इझअल्फाबेटिक आणि रस्टचं तशाच नावाचं फंक्शन युनिकोडचा अल्फाबेटिक गुणधर्म वापरतात, त्यामुळे ‘सुनीता’ तिथे पास होते. पण पायमोड त्या गुणधर्मात नाही, म्हणून ‘प्रकाश’ तिथेही अडतो. जावास्क्रिप्टचा बॅकस्लॅश-डब्ल्यू फक्त इंग्रजी जाणतो. २०१८ पासून यू फ्लॅगसह बॅकस्लॅश-पीने एल आणि एम गट मागता येतात, तेच करा. सीमधली सीटाइप हेडरची फंक्शनं एकेका बाइटवर चालतात आणि आपलं एकेक कॅरॅक्टर तीन बाइटचं असतं, त्यामुळे यूटीएफ-८ मराठीसाठी ती वापरूच नयेत. पायथनच्या बाइट्स प्रकारावरचं इझअल्फाही फक्त आस्कीपुरतं आहे, म्हणून नेटवर्कवरून आलेला मजकूर आधी डीकोड करा.

चाचणीसाठी ठेवायचे शब्द

वर्गीकरण करणाऱ्या प्रत्येक फंक्शनसोबत मी पुढचे नमुने ठेवतो: स्वरचिन्ह नसलेला ‘शरद’, एमसी-एमएन दोन्ही असलेली ‘सुनीता’, जोडाक्षराचा ‘प्रकाश’, जागा आणि टिंब असलेलं ‘अ. ब. देशपांडे’, दोन्ही अपॉस्ट्रॉफींचा ‘डि’सोझा’, दोन्ही रीतींनी लिहिलेलं ‘आचाऱ्यांना’, दोन्ही प्रकारचं ‘ॲप’, विसर्गाचं आणि कोलनचं ‘दुःख’, एकटी वेलांटी, रिकामी स्ट्रिंग, ‘१२३’, ‘१,००,०००’, ² आणि शेवटी २००बी चिकटलेलं एखादं नाव. रिकामी स्ट्रिंग विसरू नका. इझअल्फा आणि इझडेसिमल तिला ‘नाही’ म्हणतात, पण इझप्रिंटेबल आणि इझआस्की ‘हो’ म्हणतात.